नकार कोण कळवणार?



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना आपल्यापैकी बहुतेक जण गणिताच्या शिक्षिका म्हणून ओळखतात. मी त्यांना आणखी एका कामामुळे ओळखत होते. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची एक जाड वही होती. डाव्या पानांवर मुली, उजव्या पानांवर मुलगे. नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, उंची, गोत्र, पत्ता. आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलेले बाईंचे स्वतःचे शेरे. ‘अबोल आहे, पण मनाने स्वच्छ.’ ‘हिला नोकरी सोडायची नाही, हे आधीच सांगावे.’ ‘आईच्या शब्दाबाहेर नाही.’ शाळा सुटल्यावर संध्याकाळी बाई लोकांची लग्ने जुळवत. त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

मी २३ वर्षांची असताना माझेही नाव त्या वहीत होते. एक स्थळ आले, बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले. मला तो मुलगा आवडला होता. आठ दिवसांनी बाई घरी आल्या, स्वयंपाकघरात आईशी हळू आवाजात काही बोलल्या आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, ‘चल गं, मंडईत जाऊन येऊ.’ अर्ध्या वाटेवर त्यांनी सांगितले, ‘त्यांचा नकार आलाय. तुझ्यात काही कमी आहे म्हणून नाही. त्यांना मुलगी नोकरीवाली नको आहे, हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं, आणि मी आधी विचारायला हवं होतं.’ मी रस्त्यात रडले. बाई काही न बोलता शेजारून चालत राहिल्या. मग आम्ही खरोखरच मंडईत गेलो आणि मेथी घेऊन आलो.

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मला ती वाट आठवली. गेली १२ वर्षे मी आठवड्यातून दोन दिवस एका समुपदेशन केंद्रात बसते. पूर्वी तिथे लग्न झालेली माणसे जास्त येत. आता पंचविशीतली, तिशीतली, लग्नाच्या अलीकडच्या उंबरठ्यावरची मुले-मुली येतात, आणि त्यांच्या तोंडून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते माझ्या कानात बसले आहे: ‘मॅडम, नंतर त्यानं काही कळवलंच नाही.’ कधी ‘त्यानं’, कधी ‘तिनं’. आज मी ऑनलाइन डेटिंगबद्दल बोलणार आहे, ते या वाक्यापासून सुरुवात करून. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. आपण या विषयावर बोलताना यंत्राबद्दल, मोबाइलबद्दल, संस्कारांबद्दल बोलतो. मला वाटते, खरा बदल वेगळ्या जागी झाला आहे. दोन अनोळखी माणसांच्या मध्ये जो तिसरा माणूस बसत असे, तो उठून गेला आहे.

हे किती पसरले आहे ते आधी पाहू. याची सर्वांत नीट मोजदाद अमेरिकेत झाली आहे, म्हणून मी तिथले आकडे घेते. आकड्यांआधी थोडा इतिहास. यंत्राकडून जोडीदार शोधून घेण्याची कल्पना इंटरनेटहून जुनी आहे. १९६५ मध्ये हार्वर्डच्या काही विद्यार्थ्यांनी ‘ऑपरेशन मॅच’ नावाचा उद्योग सुरू केला: प्रश्नावली भरून तीन डॉलरसह पाठवायची, आयबीएमचा संगणक उत्तरे ताडून पाहणार आणि काही नावे टपालाने घरी येणार. १९९५ मध्ये मॅच डॉट कॉम आले. २००९ मध्ये समलिंगी पुरुषांसाठी ग्राइंडर आले, २०१२ मध्ये टिंडर. छायाचित्र डावीकडे सारले की नापसंत, उजवीकडे सारले की पसंत, ही सवय टिंडरने जगाच्या अंगठ्याला लावली.

प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने जुलै २०२२ मध्ये सहा हजारांहून अधिक अमेरिकी प्रौढांना विचारले. ३० टक्के लोकांनी आयुष्यात कधीतरी डेटिंगचे संकेतस्थळ किंवा ॲप वापरलेले होते. तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण ५३ टक्के होते. पासष्टी ओलांडलेल्यांतही १३ टक्के होते. आता दुसरा आकडा. ज्यांना जोडीदार आहे अशा सगळ्यांमध्ये, ॲपवर किंवा संकेतस्थळावर भेट झालेले फक्त १० टक्के. आणि तिसरा. स्टॅनफर्ड विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०१७ मध्ये भेटलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी ३९ टक्के जोडपी ऑनलाइन भेटलेली होती.

तीस, दहा, एकोणचाळीस. वर्तमानपत्रात यातला एक आकडा उचलला जातो आणि त्यावर अग्रलेख होतो. बाई असत्या तर त्यांनी विचारले असते, ‘छेद काय आहे?’ पहिल्या आकड्याचा छेद सगळी प्रौढ माणसे. दुसऱ्याचा छेद सगळी जोडपी, त्यात चाळीस वर्षांपूर्वी लग्न झालेलेही आले. तिसऱ्याचा छेद फक्त एका वर्षात नव्याने भेटलेली जोडपी, आणि तिथे ‘ऑनलाइन’मध्ये ॲपखेरीज समाजमाध्यमांवरच्या ओळखीही धरल्या आहेत. म्हणजे जुने समाजचित्र हळू बदलते आहे, पण आज जे नवे जोडले जात आहेत त्यांचा रस्ता वेगाने बदलला आहे. नदीच्या पात्रातले सगळे पाणी आणि वरून नव्याने येणारे पाणी, यांची मोजमापे वेगळी असतात.

रोझेनफेल्ड यांच्या अभ्यासातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती अशी. १९९५ मध्ये भेटलेल्या जोडप्यांपैकी ३३ टक्के मित्रमैत्रिणींच्या ओळखीतून भेटली होती. २०१७ पर्यंत ते प्रमाण २० टक्क्यांवर आले. २०१३ च्या सुमारास इंटरनेटने मित्रांना मागे टाकले. कुटुंब, शेजार, शाळा, चर्च, या वाटाही आकसल्या. अभ्यासाच्या शीर्षकातच त्यांनी म्हटले आहे की मित्रांची मध्यस्थी संपते आहे. अमेरिकेत स्थळे आणणाऱ्या मावश्या नव्हत्या, असे आपण समजतो. होत्या, फक्त तिथे त्या कामाला मित्र आणि मैत्रिणी होत्या. आणि त्याही आता घरी बसल्या.

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. २०१६ च्या लोकनीती-सीएसडीएसच्या तरुणांच्या पाहणीत लग्न झालेल्यांपैकी ८४ टक्क्यांनी आपले लग्न घरच्यांनी ठरवल्याचे सांगितले. भारत मानव विकास सर्वेक्षणाप्रमाणे जातीबाहेरची लग्ने सुमारे ५ टक्के. तेव्हा डेटिंग ॲपने आपली लग्नसंस्था उलथून टाकली, असे कोणी म्हणत असेल तर ते अजून खरे नाही. पण पुण्यात, मुंबईत, नाशिकमध्ये, आणि शिक्षण-नोकरीसाठी बंगळूरला किंवा परदेशात गेलेल्या मराठी मुलांमध्ये एक दुहेरी व्यवहार चालतो, तो मी नेहमी पाहते. आई-वडिलांनी विवाहाच्या संकेतस्थळावर मुलीचे नाव घातलेले असते आणि त्याच मुलीच्या मोबाइलवर डेटिंगचे ॲपही असते. पहिल्याची माहिती आई-वडिलांना आणि तिलाही आहे, दुसऱ्याची फक्त तिला.

या दोहोंतला फरक मला एका छोट्या रकान्यात दिसतो. आपल्याकडची विवाह-संकेतस्थळे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आहेत. तिथे नाव नोंदवताना विचारतात: ही माहिती कोण भरत आहे? स्वतः, आई-वडील, भाऊ, बहीण, नातेवाईक. तो रकाना म्हणजे मध्यस्थाची संगणकावर टिकून राहिलेली खुर्ची. जात, पोटजात, गोत्र, मंगळ, वार्षिक उत्पन्न हे रकानेही बाईंच्या वहीतून तसेच उचललेले. गेला आहे तो फक्त पेन्सिलीचा रकाना. डेटिंग ॲपवर मात्र ती खुर्चीच नाही. तिथे कोणी कोणाचे नसते. सहा छायाचित्रे, चार ओळी, आणि एक माणूस.

मग या माणसाला तिथे काय अनुभव येतो? प्यूच्या त्याच पाहणीत वापरणाऱ्यांपैकी ५३ टक्के म्हणाले की एकूण अनुभव चांगला, ४६ टक्के म्हणाले वाईट. जवळजवळ निम्मे-निम्मे. पुरुषांत चांगला म्हणणारे ५७ टक्के, स्त्रियांत ४८. पण या सरासरीच्या आत उतरले की दिसते, एकाच ॲपवर स्त्री आणि पुरुष दोन वेगळ्या गावांत राहतात. वर्षभरात ॲप वापरलेल्यांना विचारले की आलेल्या संदेशांबद्दल काय वाटले. ५४ टक्के स्त्रिया म्हणाल्या, इतके आले की गुदमरायला झाले. ६४ टक्के पुरुष म्हणाले, इतके कमी आले की स्वतःबद्दलच शंका यायला लागली.

हे असे का होते, याचे उत्तर एलिझाबेथ ब्रूक आणि मार्क न्यूमन यांच्या २०१८ च्या अभ्यासात सापडते. त्यांनी न्यू यॉर्क, बॉस्टन, शिकागो आणि सिॲटल या शहरांतले एका डेटिंग संकेतस्थळावरचे एका महिन्याचे संदेश तपासले. मुख्यतः कोणी कोणाला लिहिले आणि उत्तर आले की नाही, हे पाहिले. न्यू यॉर्कमधल्या एका तिशीच्या स्त्रीला त्या महिन्यात १,५०४ संदेश आले. दिवसरात्र धरली तर दर अर्ध्या तासाला एक. आणि बहुतेक माणसे स्वतःपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक मागणी असलेल्या माणसाला लिहीत होती. म्हणजे सगळ्या रांगा वरच्या काही दारांपुढे लागतात. रांगेत उभ्या असलेल्याला पुढचे दार उघडत नाही एवढेच दिसते. दाराच्या आत बसलेलीला बाहेरचा गलका ऐकू येतो. दोघेही माझ्याकडे येतात, आणि दोघांनाही वाटते की आपल्यातच काही खोट आहे.

चाकणला नोकरी करणारा एक मुलगा आला होता. साधा, नीटनेटका, घरी पैसे पाठवणारा. त्याने मला मोबाइल पुढे करून त्याने लिहिलेले संदेश दाखवले. प्रत्येक संदेश त्या त्या मुलीची ओळख वाचून, विचार करून लिहिलेला होता. कुणाला ट्रेकिंग आवडते तर हरिश्चंद्रगडाबद्दल विचारलेले, कुणी पुस्तकांचा उल्लेख केला तर पुस्तकाबद्दल. उत्तरे नव्हती. तो म्हणाला, ‘एकीनं जरी “नको” असं लिहिलं असतं ना, तरी मी माणूस आहे असं वाटलं असतं.’ मी त्याला ब्रूक आणि न्यूमन यांचा अभ्यास समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतले. पण आकड्यांनी माणसाचे मन भरत नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

त्याच आठवड्यात एक मुलगी आली. तिने ॲप काढून टाकले होते. तिला आलेल्या संदेशांतले काही तिने वाचून दाखवले आणि मध्येच थांबली, कारण पुढचे वाचण्यासारखे नव्हते. प्यूच्या पाहणीत ही माध्यमे वापरलेल्या पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांपैकी ५६ टक्क्यांना न मागता अश्लील मजकूर किंवा चित्र आले होते, आणि ४३ टक्क्यांनी सांगितले की नको म्हटल्यावरही समोरचा संपर्क करत राहिला. याला मी ‘ॲपचा दोष’ म्हणून सोडून द्यायला तयार नाही. हे लिहिणारे हात माणसांचे आहेत, आणि आपल्या घरांतलेही आहेत. बाईंच्या वहीतल्या मुलाने असे काही लिहिले असते तर दुसऱ्या दिवशी बाई त्याच्या आईच्या पुढ्यात जाऊन बसल्या असत्या. त्या एका शक्यतेने किती हात आवरले जात होते, याची मोजणी कोणी केलेली नाही.

खोटेपणाबद्दल थोडे सांगते, कारण भीती त्याचीच जास्त आहे. कॅटलिना टोमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी न्यू यॉर्कमध्ये ८० जणांना प्रत्यक्ष बोलावून त्यांची उंची मोजली, वजन केले, परवान्यावरचे वय पाहिले, आणि त्यांनी ऑनलाइन लिहिलेल्या माहितीशी ताडून पाहिले. दहांपैकी आठ जणांनी निदान एका गोष्टीत तरी खोटे लिहिले होते. पण बहुतेकांचे खोटे लहान होते. पुरुषांनी उंची थोडी वाढवली होती, स्त्रियांनी वजन थोडे घटवले होते. कारण पुढे भेटायचे आहे, हे त्यांना ठाऊक होते. ज्यांना भेटायचेच नसते त्यांचे खोटे मात्र फार मोठे असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२२ या एका वर्षात प्रेमाच्या नावाखाली फसवणूक झालेल्या सुमारे ७०,००० लोकांनी तक्रारी केल्या. गेलेली रक्कम १३० कोटी डॉलर. आपल्याकडेही मुंबई आणि दिल्लीच्या पोलिसांकडे अशा तक्रारी आल्या आहेत की मुलीने ॲपवर ओळख करून एका ठरावीक बारमध्ये नेले, हजारो रुपयांचे बिल आले आणि मुलगी निघून गेली. जो कधी व्हिडिओ कॉलवर येत नाही, पण गुंतवणुकीचा सल्ला देतो किंवा अडचण सांगून पैसे मागतो, तो प्रेम करत नाही. पैसे गेले असतील तर लाजू नका, त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिले काही तास मोलाचे असतात. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी लाजेपायी चार महिने काढले. विधुर होते. गेलेल्या पैशांपेक्षा त्यांना एका गोष्टीचे जास्त दुःख होते. ते म्हणाले, ‘रोज रात्री “जेवलात का” असं विचारणारं कुणीतरी होतं.’

आतापर्यंत मी जे बोलले त्यावरून कोणाला वाटेल की मी बाईंच्या वहीकडे परत चला असे सांगते आहे. तसे नाही, आणि हे मला बाईंच्याच स्मृतीच्या व्यासपीठावरून सांगायला हवे. त्या वहीत दोन-तीन जातींचीच नावे होती. गावातल्या बाकीच्यांसाठी ती वही बंद होती. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे येणारे लोक ज्या दाराने येत त्या दारावर जात लिहिलेली होती. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्यातल्या बंगाली वर्तमानपत्रातल्या वधू-वर जाहिरातींचा अभ्यास केला होता. त्यांच्या हिशेबाप्रमाणे, मुलीकडचे लोक जातीबाहेर जावे लागू नये म्हणून एवढी किंमत मोजायला तयार होते की पदव्युत्तर शिकलेल्या मुलाऐवजी अशिक्षित मुलगाही चालावा. मराठी घरांत हा हिशेब फार वेगळा निघेल असे मला वाटत नाही. मध्यस्थ ओळख करून देतो तसा तो पहाराही देतो. अनेक पिढ्यांच्या प्रेमांना त्या पहाऱ्याने वाट मिळू दिली नाही.

आणि काही माणसांची नावे त्या वहीत कधीच येऊ शकली नसती. समलिंगी मुलगे, समलिंगी मुली. १९९० मध्ये अशोक रावकवी यांनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले; पुढे १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्टचे काम सुरू केले. तोवर आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे, लहान गावातल्या मुलाला आपल्यासारखा दुसरा कोणी पृथ्वीवर आहे का हेच कळण्याची सोय नव्हती. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढले, पण कायद्याच्या कितीतरी आधी मोबाइलने त्याला सांगितले होते की तीन किलोमीटरवर तुझ्यासारखा एक जण आहे. या सोयीबरोबर धोकाही आला. ओळख करून धमकावून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आपल्या शहरांत पकडल्या गेल्या आहेत. तरीही अमेरिकेत समलिंगी आणि उभयलिंगी लोकांपैकी ५१ टक्क्यांनी ही माध्यमे वापरली आहेत आणि त्यांच्यातल्या जोडीदार असलेल्यांपैकी २४ टक्क्यांना जोडीदार तिथेच भेटला आहे. एकूण सरासरी १० असताना हे २४. ज्यांच्यासाठी कुठलाच मध्यस्थ उभा राहणार नव्हता, त्यांना मध्यस्थाविना चालणारी जागा मिळाली.

घटस्फोटित आणि विधवा स्त्रियांचेही तेच. पन्नाशीच्या विधवा स्त्रीसाठी आपल्याकडे कोण शब्द टाकतो? माझ्या माहितीतल्या एका बाईंना त्यांच्या सुनेने ॲप घालून दिले. त्या सहा महिने कोणाशी तरी रोज संध्याकाळी बोलत होत्या. लग्न झाले नाही. त्यांनी मला सांगितले, ‘लग्नाचं राहू दे. मला माझं स्वतःचं नाव घेऊन कुणी हाक मारली, याला किती वर्षं झाली होती.’

ही ॲप चालवणाऱ्या कंपन्या मात्र वेगळेच वचन देतात. त्या म्हणतात, आमचे गणित तुमच्यासाठी अनुरूप माणूस शोधून देते. एली फिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये उपलब्ध सर्व पुरावा तपासून लिहिले की या गणितांनी जोड्या अधिक चांगल्या जुळतात याला भक्कम आधार नाही. समांथा जोएल यांनी २०१७ मध्ये शंभराहून अधिक गुणविशेष संगणकाला देऊन पाहिले. कोण सर्वसाधारणपणे लोकांना आवडेल याचा काहीसा अंदाज संगणकाला आला. नेमकी कोणाची कोणाशी तार जुळेल, याचा आला नाही. उलट बाजूने, २०१३ मध्ये १९,१३१ विवाहितांच्या पाहणीत ऑनलाइन भेटलेल्यांचे संसार मोडण्याचे प्रमाण किंचित कमी दिसले. त्या पाहणीचा खर्च अशाच एका जोडी जुळवणाऱ्या कंपनीने केला होता, हे अभ्यासकांनी स्वतःच नोंदवले आहे, आणि वाचणाऱ्याने ते लक्षात ठेवावे. मला यातून एवढेच दिसते की ॲप ओळख करून देते. पुढचे ते करत नाही, आणि ते त्याला येतही नाही.

हे ‘पुढचे’ म्हणजे काय? मध्यस्थ तीन कामे करत असे. तो दार उघडत असे. तो चौकशी करत असे; मुलगा खरेच त्या कंपनीत आहे का, घरात कोणी हात उगारणारे नाही ना, हे तो दोन शेजाऱ्यांना आणि एका जुन्या शिक्षकाला विचारून येई. आणि तो नकार पोचवत असे. ‘पत्रिका जुळत नाही’, ‘योग नव्हता’, ‘त्यांना एवढ्यात करायचं नाही’. या वाक्यांत खोटे पुष्कळ होते, पण ती वाक्ये कोणीतरी उंबरठ्यापर्यंत येऊन, डोळ्यांत पाहून म्हणत असे. नकार मिळालेले माणूस एकटे पडत नसे. यांतले पहिले काम ॲपने घेतले आणि मध्यस्थापेक्षा कितीतरी मोठे दार उघडले. दुसरे आणि तिसरे काम कोणीच घेतले नाही.

नकार न कळवता गप्प होण्याला मुले ‘घोस्ट केलं’ म्हणतात. काल रात्री एक वाजेपर्यंत बोलत होती, आज नाही, परत कधीच नाही. नकारापेक्षा हे वाईट, कारण नकाराला तारीख असते. इथे वाट पाहणे कोणत्या दिवशी थांबवायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. मी असे लोक पाहिले आहेत जे चार महिन्यांनंतरही, रात्री दिवा घालवायच्या आधी, समोरचा शेवटचा कधी ऑनलाइन होता ते पाहतात. गप्प होणाऱ्या सगळ्यांना मी निर्दयी म्हणणार नाही. ज्या मुलींना ‘नको’ म्हटल्यावर शिव्या आल्या आहेत त्यांनी गप्प राहणे शिकून घेतले, त्यात त्यांची काय चूक? त्या स्वतःचे रक्षण करतात. पण ती शिकवण मग सगळीकडे पसरते, आणि जिथे काही धोका नव्हता तिथेही लोक गप्प होतात.

मला पालकांशी बोलायचे आहे. तुमच्या मुलांच्या मोबाइलमध्ये ही ॲप आहेत. ती काढून टाकायला लावलीत तर ती लपवली जातील, आणि लपवून भेटायला जाणारी मुलगी सर्वांत असुरक्षित असते, कारण ती कुठे गेली आहे हे कोणालाच माहीत नसते. तिला घरात एवढी जागा द्या की ‘मी अमक्याला भेटायला जाते आहे, अमक्या ठिकाणी, आठपर्यंत येते’ असे ती सांगू शकेल. आणि मित्रमैत्रिणींनो, चौकशीचे काम आता तुमचे आहे. पहिली भेट दिवसा, गजबजलेल्या ठिकाणी असू दे. मैत्रिणीने भेटीआधी तुम्हाला त्याचे नाव पाठवले तर हसू नका, ते नाव शोधून पाहा, कोणी ओळखीचे निघते का बघा. आणि कोणी परतून येऊन सांगितले की जमले नाही, तर ‘जाऊ दे, अजून खूप आहेत’ असे लगेच म्हणू नका. तिच्याबरोबर थोडे चाला.

नकाराचे काम मात्र दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी केंद्रात आली होती. ॲपवर ओळख झालेल्या मुलाला ती दोनदा भेटली होती. मुलगा सभ्य होता, पण तिला पुढे जायचे नव्हते. सहा दिवस तिने त्याला उत्तर दिले नव्हते आणि त्या ओझ्याने तिला झोप येत नव्हती. मी म्हटले, इथे बसून लिही, मी काही सुचवणार नाही. ती पाऊण तास लिहीत होती. मग तिने मला वाचून दाखवले:

‘नमस्कार. तुम्हाला भेटून बरं वाटलं. मी नीट विचार केला, मला पुढे जावंसं वाटत नाही. तुमच्या बोलण्या-वागण्यात काही खटकलं नाही. आपलं जमेल असं मला आतून वाटलं नाही, एवढंच. तुम्हाला वाट बघायला लागली, त्याबद्दल माफ करा.’

तिने पाठवले. बाहेर पाऊस होता, केंद्र बंद करायची वेळ झाली होती, तरी आम्ही बसून राहिलो. बऱ्याच वेळाने मोबाइल वाजला. तिने वाचले आणि काही न बोलता तो माझ्या हातात दिला.

‘कळवलंत, मनापासून आभार. आठ महिन्यांत हे पहिल्यांदा झालं. तुम्हाला शुभेच्छा.’

मी दिवे घालवले, दाराला कुलूप लावले. मंडईपर्यंत आमची दोघींची वाट एकच होती. तिच्याकडे छत्री नव्हती.